खणणाऱ्यांचा मुक्काम

माझ्या मावशीचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास आहे, कुलपावर. तेही ती दोनदा ओढून बघते. काका गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून तिनं वरची खोली भाड्यानं दिली. पण भाडेकरू टिकेना. कुणाच्या हसण्यात तिला काळंबेरं दिसे, कुणाच्या गप्प बसण्यात.

शेवटी नाटक कंपनीतला दिवेवाला आला. जिन्यातला बंद पडलेला दिवा त्यानं कुणी न सांगता दुरुस्त केला. संध्याकाळी तो चहाला बसे, आणि मावशी चक्क हसायला लागली होती. तेवढ्यात तिनं त्याला फोनवर बोलताना ऐकलं, "या वेळचे माझे डिग्ज झकास आहेत." लगेच मला बोलावणं.

"काय रे, डिग्ज म्हणजे काय?"

"भाड्याची खोली. बोलण्यातला इंग्रजी शब्द आहे. मुळात खणायची जागा. सोनं खणणारे खाणीपाशीच राहायचे, म्हणून मुक्कामालाही तेच नाव पडलं. पुढे तिकडच्या नाटकवाल्यांनी ते उचललं."

मी एवढं ज्ञान पाजळलं. तिनं त्यातलं फक्त सोनं ऐकलं.

"म्हणजे सोन्याचा वास लागला की मुक्काम," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या बांगड्यांची पुरचुंडी घरभर फिरू लागली. आज पिठाच्या डब्यात, उद्या उशीच्या अभ्र्यात. अन् एका सकाळी ती कुठंच सापडेना. पुन्हा मला बोलावणं. मावशी तडक वर गेली, मागोमाग मी आणि शेजारीण.

"माझं सोनं दे आणि चालता हो."

सामान बांधायला त्यानं माळ्यावरची बॅग ओढली. तिच्याबरोबर मावशीची जुनी रजई घसरली आणि घडीतून पुरचुंडी जमिनीवर पडली.

"बघा, मी म्हणतच होते," शेजारीण म्हणाली.

मावशी पुरचुंडीकडे बघत राहिली. गाठीवर गाठ, वर सेफ्टी पिन. गप्प बसली असती तर चोर तोच ठरला असता, आणि क्षणभर मला वाटलं की ती गप्प बसणार.

"गाठ माझी आहे," ती म्हणाली. "मीच ठेवली अन् विसरले. चोर स्वतःच्या खोलीत शोधत नाही म्हणून."

दिवेवाल्यानं पुरचुंडी तिच्या हातात दिली. "उघडून बघा, काकू."

तिनं खरंच उघडून बघितली. मान वर केली तेव्हा तो बॅग घेऊन जिना उतरत होता.

खोली अजून रिकामी आहे. आत काही नाही हे मावशीला पक्कं ठाऊक आहे. तरी रोज संध्याकाळी ती वर जाते आणि कुलूप दोनदा ओढून बघते.