रिकामे ठेवायचे रकाने

मुलांनो,

धाकटीचं पत्र परवा आलं. तिकडच्या डॉक्टरांनी तिला एक छापील कागद भरायला दिला आहे. घराण्यातल्या बायकांना कोणकोणते आजार होते, असं त्यात विचारलं आहे. तिनं तुमच्या बाबांना, म्हणजे माझ्या मुलाला, विचारलं, तर त्यांनी कळवलं, "काही नाही, सगळ्या धडधाकट होत्या." त्यांना तेवढंच माहीत आहे, कारण मी त्यांना तेवढंच सांगितलं होतं. ते खरं नाही. तुमच्या आजोबांची थोरली बहीण गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. बाळ, हे एवढं त्या कागदावर लिही. बाकीचं त्यात मावणार नाही, म्हणून इथं लिहिते. थोरल्यानंही वाचावं. हे पुरुषांनी ऐकायचं नाही असं आम्ही समजत आलो, त्यानं बरंच बिघडलं.

सन एकोणीसशे पस्तीस-छत्तीसच्या सुमाराची गोष्ट आहे. मी मॅट्रिक होऊन नाशकात सासरी आले होते. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एका डॉक्टरबाईंचा बायकांचा दवाखाना होता. त्यांना इंग्रजी लिहिणारी, नीटनेटकी बाई हवी होती. तिथं पुरुषांचं येणंजाणं नाही, म्हणून सासूबाईंनी दुपारचे तीन तास जायला परवानगी दिली.

डॉक्टरबाईंच्या डोक्यात एक प्रश्न होता. ज्यांच्या अंगावर फार जातं, म्हणजे पाळीचा रक्तस्राव थांबत नाही, अशा बायका रोज येत. त्यांना अशोकाच्या सालीच्या काढ्यानं फरक पडतो, असं वैद्य सांगत आणि सासवाही सांगत. डॉक्टरबाई म्हणत, "सगळ्या म्हणतात, म्हणतात. पण मोजलंय कुणी?" विलायतेच्या एका मासिकात त्यांनी मोजायची रीत वाचली होती. येतील त्या क्रमानं एकीला सालीची पुडी, दुसरीला बाटलीतलं इंग्रजी औषध, तिसरीला पुन्हा पुडी. आपल्या मनानं निवडायचं नाही. मग कोण बरी होते ते वहीत लिहायचं. ती वही माझ्याकडे.

मी ती फार सुबक ठेवली. तांबड्या शाईनं रकाने आखले: नाव, गाव, वय, किती दिवस जातं, दिवसाला कापडाच्या किती घड्या लागतात, औषध, आणि शेवटी परिणाम. घड्यांचा प्रश्न विचारला की बायका पदर तोंडावर घेत. मखमलाबादकडून फुलं विकायला येणारी एक मळेवाली मात्र हसत सुटली.

"घड्या कसल्या मोजता बाई? आमच्यात फाटकं लुगडं संपलं का पाळी संपली!"

"अंदाजानं सांगा."

"लिवा पाच. तुमच्या वहीला तरी बरं वाटंल."

ती बाटलीवाली होती. बाटली आठ दिवसांत संपे, म्हणून तिला आठ दिवसांनी यावंच लागे. मग मी विचारी, ती सांगे, "हाय तसंच हाय," आणि मी लिही, ‘तशीच’. सालीची पुडी मात्र महिनाभर पुरे. लांबच्या गावांहून आलेल्या, माहेरपणाला आलेल्या बायका पुडी घेऊन जात आणि पुष्कळदा परत येत नसत. त्यांचा शेवटचा रकाना रिकामा राही.

मला रिकामा रकाना बघवत नसे. माझ्या घरात डब्यांवर झाकणं एका रेषेत लागत, तुम्ही ते पाहिलं आहे. मी विचार केला, बरं वाटलं म्हणूनच आली नसेल. दुखणं राहिलं असतं तर आली असती. मी लिहिलं, ‘बरी’. पुढच्या पानावरही लिहिलं. कुणाला फसवायचं म्हणून नाही. पान पुरं झालं, एवढंच समाधान होतं.

वर्षअखेर मी बेरीज करून दिली. पुडीवाल्यांच्या बाजूला ‘बरी’ची रांगच लागली होती. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून विचारलं, "इतक्या? नक्की ना?"

"हो, वहीत आहे," मी म्हटलं.

त्या सुमारास तुमच्या आजोबांची बहीण नांदगावहून आमच्याकडे आल्या. मी त्यांना वन्सं म्हणायची. पन्नाशीच्या आतबाहेर, उंच, मोठ्यानं बोलणाऱ्या. त्यांची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आता पुन्हा अंगावर जायला लागलं होतं. सासरी सांगायची लाज वाटली, म्हणून ‘अशक्तपणा’ असं कारण काढून माहेरी आल्या. त्यांच्या भावालाही, म्हणजे तुमच्या आजोबांना, आम्ही तोच शब्द सांगितला.

विटाळ म्हणून त्या मागच्या पडवीत वेगळ्या बसत. आमच्यात तेव्हा तसंच होतं. पण पाळी चार दिवसांत संपते, हे संपतच नव्हतं. सासूबाई लेकीवर वैतागत.

"या वयात ही थेरं! सुनेच्या शेजारी बसतेस बाहेर, शोभतं का?"

"मी काय हौसेनं बसले, आई? देवाला वाटलं, हिला पुन्हा पोरगी करून बघावं," वन्सं पडवीतून ओरडत.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाळी गेल्यावर असं जाणं वेगळं असतं. आत तपासावं लागेल. आणि मुंबईला दाखवावं लागेल, लवकर."

वन्संनी तिथं मान डोलावली. घरी येताना टांग्यात त्या म्हणाल्या, "तपासून मी घ्यायची नाही. मेले तरी चालेल." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "तुझ्या त्या वहीत काय लिहिलंय गं? सालीनं बऱ्या होतात ना बायका?"

मी डॉक्टरबाईंचं सांगणं दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. मला त्यांची लाज दिसत होती आणि त्यांना सोपं करून द्यावंसं वाटलं. शिवाय वहीचा अभिमान होताच.

"हो वन्सं, बहुतेक बऱ्या झाल्या," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला. विटाळातल्या बाईनं शिवायचं नाही, हे दोघीही विसरलो. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना काढा उकळून देऊ लागले. डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं, "मुंबईचं काय झालं?" मी म्हटलं, "घरात बोलणं चाललंय." काही बोलणं चाललं नव्हतं. काढा चालला होता. वन्सं म्हणत, आज कमी आहे. मीही मानत असे.

पाच महिने असे गेले. मग एका मुंजीसाठी मी सायखेड्याला गेले. सकाळी गोदावरीवर पाणी आणायला आलेल्या बायकांत एक चेहरा ओळखीचा वाटला. ती पुडी घेऊन गेलेली होती. अंगात रक्त म्हणून नव्हतं, हंडा काठावर ठेवून बसली होती.

"काय हो, बरं आहे ना आता?" मी विचारलं.

"कसलं बरं, बाई? लय जातंय. तुमची पुडी संपली, तवापासून तर जास्तीच."

"मग परत का नाही आलात?"

"कोण सोडतंय? सासू म्हनली, यकदा गेलीस, पुरे झालं. अन् उभं ऱ्हाता येत नाय, नाशकाला येऊ कशी?"

माझ्या वहीत तिच्या नावापुढे ‘बरी’ होतं. मला अक्षरसुद्धा आठवलं, वेलांटी जरा लांब काढलेली.

परत आल्या दिवशीच मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. त्यांनी वही उघडली, एकेका ‘बरी’वर बोट ठेवून विचारत गेल्या, "ही आली होती?" "नाही." "ही?" "नाही." पानामागून पान. शेवटी म्हणाल्या, "रिकामं ठेवायचं होतं हो. रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही. तेही उत्तरच असतं."

वन्संना मात्र मी लगेच सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, यात आणखी तीन आठवडे घालवले. वहीची चूक अजाणता झाली, असं म्हणता येईल. हे तीन आठवडे मी जाणूनबुजून घालवले, आणि त्यांच्याबद्दल मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

सांगितलं तेव्हा त्या पडवीत शेंगा सोलत होत्या. ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तुला माहीतच नव्हतं."

"नाही, वन्सं."

"बरं. मग आता भावाला खरं सांग, आणि तिकिटं काढायला सांग."

मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं. गाठ गर्भाशयाबाहेर पसरली होती. काही महिने आधी आला असतात तर शस्त्रक्रिया करता आली असती, रेडियमचा किरणोपचारही देता आला असता, असं ते तुमच्या आजोबांना म्हणाले. आजोबांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं. माझ्यावर आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "मला अशक्तपणा का सांगितलात?"

वन्संना आम्ही परत नाशकात आणलं. सासूबाईंनी त्यांची खाट माजघरात घातली. सोवळंओवळं त्या दिवसापासून त्यांच्यापुरतं संपलं. शेवटच्या दिवसांत वेदना कमी व्हायला त्यांना मॉर्फिया देत. एकदा मी रडत होते, तर म्हणाल्या, "तपासून न घ्यायचं माझं मी ठरवलं होतं. सगळं तूच ओढून घेऊ नकोस." त्यांनी माझ्यासाठी म्हटलं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या ठरवताना मला विचारत होत्या आणि मी माहीत नसताना हो म्हटलं होतं.

चैत्रात त्या गेल्या.

माझ्या त्या बेरजेवरून डॉक्टरबाईंनी एक लेख लिहिला होता, तो त्यांनी मासिकाला पाठवला नाही. त्यांनी नवी वही घेतली. पुडी आणि बाटली दोन्ही आठच दिवसांची केली, आणि न येणाऱ्या बायकांच्या गावी एक सुईण पाठवू लागल्या. तिलाही न सापडणाऱ्यांसाठी ‘माहीत नाही’ असा वेगळा रकाना आखायला सांगितला. मी तिथं आणखी दोन वर्षं लिहीत होते, मग तुमच्या बाबांच्या वेळी सोडलं. सालीनं गुण येतो की नाही, हे आमच्या वहीतून अखेरपर्यंत ठरलं नाही.

डॉक्टरबाई आता नाहीत, दवाखान्याच्या जागी कापडाचं दुकान आहे. नांदगावच्या घरी वन्संचं कुणी राहत नाही. त्यांची एक मुलगी मनमाडला आहे, ऐंशीला टेकली आहे. तिला हे सगळं मी गेल्या महिन्यात जाऊन सांगितलं. त्या नव्या वहीची अकरा पानं माझ्या कपाटात आहेत, ‘माहीत नाही’चे रकाने जसेच्या तसे.