अम्मनच्या पायाखालचा लेप

मरुदमुत्तूअण्णाला आमच्या गावात लेप कुटणारा म्हणूनच ओळखतात. राळ, लाख, मेण, काव असे आठ जिन्नस एकत्र करायचे, वरून लोणी सोडत राहायचं आणि लोखंडी घणाने तीन दिवस कुटायचं. मग त्या लेपावर मूर्ती पीठाला घट्ट बसते. कावेरीकाठच्या वीस-बावीस देवळांत अण्णाने हे केलं. त्यात उजव्या खांद्याचं पार मातेरं झालं. भाताचा घास उचलतानाही आता कण्हतो. मी देवळाचा आचारी, लोणी माझ्याकडून जातं, म्हणून मला सगळं ठाऊक.

बारा वर्षांपूर्वी आमच्या अम्मनचा, म्हणजे गावदेवीचा, लेप त्याने आणि त्याच्या जोडीदाराने, तंगय्यनने, अर्धा अर्धा कुटला. पाच वर्षांत तो भेगाळला, अभिषेकाचं पाणी आत झिरपू लागलं. देवळाशी कामाची बोली तंगय्यनने केली होती, म्हणून खापर त्याच्यावर फुटलं. पुढे त्याला एकाही देवळाने बोलावलं नाही. तीन वर्षांपूर्वी तो तसाच गेला. त्याची बायको पेच्चियम्माळ देवळात झाडलोट करते. गावाचा मला संताप येतो, पण मीही तेव्हा गप्पच होतो.

लेप दर बारा वर्षांनी नवा करतात, यंदा ती भरली. देवळाचे पुजारी गुरुक्कळ, त्यांनी अम्मनची शक्ती कलशातल्या पाण्यात उतरवली, कलश बाहेरच्या मांडवात नेला आणि जुना लेप खरवडायला घेतला. पूर्वेकडचा अर्धा छिन्नीला दाद देईना. पश्चिमेकडचा बोटाने सुटत होता. त्यात राळेचे हरभऱ्याएवढे खडे तसेच होते.

"हा अर्धा कुणी कुटला?" गुरुक्कळांनी विचारलं.

अण्णाने त्यातला एक खडा उचलला. "मी."

बाहेर पेच्चियम्माळचा झाडू थांबला.

"हळू बोल की!" गुरुक्कळ पुटपुटले. "अम्मन आत्ता कलशात आहे, इथं नुसता दगड. कुणी ऐकलेलं नाही."

"ऐकू दे. शेवटच्या दुपारी मी म्हणालो, झाला लेप. झाला नव्हता."

मला राहवेना. "अण्णा, त्या वर्षी वहिनी आजारी होत्या ना? तसं सांग की."

"ठणठणीत होती ती. मी दमलो होतो, एवढंच."

पेच्चियम्माळ उंबऱ्यापाशी आली. "आणि नंतर? लोक माझ्या नवऱ्याला नावं ठेवत होते तेव्हा?"

"तेव्हा भ्यालो, अक्का. आता भ्यायचंही त्राण नाही."

तिने पदर पुढे केला. "ते खडे टाका यात. घरोघर जाऊन तुम्हीच दाखवायचं."

"आज? पाय चालत नाहीत गं."

"आजच. माझा नवराही दमायचा, अण्णा. पण घरी आल्यावर."

अण्णाने खडे तिच्या पदरात टाकले. मग भिंतीला धरून उठला आणि तिच्यामागे निघाला.