चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

पितळेवर चोळलेल्या चिंचेचा वास आला की मला आखातातल्या तुबलीचं आमचं वर्कशॉप आठवतं. नव्वदच्या दशकात आमचा नेमबाज इंग्रज साहेब तिथे रायफलच्या झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या दारू घालून पुन्हा भरायचा. एकदा स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याने त्या धुवायला आमच्या रत्नागिरीच्या फोरमन चाचांकडे दिल्या. चाचांनी गावाकडच्या हंड्याला लावतात तशी चिंच लावून त्या आतूनबाहेरून लखलखीत केल्या. मग साहेब भरायला बसला, तर हातप्रेसचा दांडा पहिल्याच पुंगळीच्या तोंडाकडच्या अरुंद मानेत किंचाळत शिरला आणि अडकून बसला. साहेबाने कपाळाला हात लावला. आतली काजळीच वंगणाचं काम करत होती, आता प्रत्येक मानेत ग्रॅफाइटची पूड फिरवा, म्हणाला. "एवढा चकचकीत केला, ना आता परत काळा करू?" चाचा माझ्याकडे बघून पुटपुटले, पण ब्रश घेऊन बसले. साहेब जिंकला की हरला, आठवत नाही. घरचा तांब्या घासताना मात्र आत हात घालण्याआधी मी अजून क्षणभर थांबतो.