म्हशीची पापणी

परवा गुलमंडीवरच्या औषधाच्या दुकानातून लेकीसाठी रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या. पाकीट फोडलं आणि त्या लोखंडी वासानं मला सोयगावकडच्या एका गोठ्यात नेऊन उभं केलं. सरकारी दवाखान्यातल्या या गोळ्या गरोदर बायांपर्यंत पोचतात का, हे पाहायला मी तेव्हा गावोगाव हिंडत होते. त्या घरची सून पोटुशी होती, दाराला टेकून उभी. "गोळ्या संपल्या का?" मी विचारलं. "व्हय, समद्या संपल्या," सासूच बोलली. मला बरं वाटलं. मग सुनेची पापणी खाली ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक. "मावशी, एवढ्या गोळ्या खाऊन रक्त कसं नाही?" "हिनं कुठं खाल्ल्या? हिला लई मळमळतं. वाया कशाला घालायच्या? म्हशीला देते, पेंडीतून." ओल्या सरकीचा आंबूस वास, घोंगावणाऱ्या माश्या. "म्हैस बी गाभण हाय. व्याली म्हंजी दूध हिलाच पाजीन की." हे ती इतक्या मायेनं म्हणाली की मला रागावताही येईना. तेवढ्यात ती वाकली, अगदी माझ्यासारखाच अंगठा लावून तिनं म्हशीची पापणी खाली ओढली आणि कौतुकानं म्हणाली, "बगा, कशी लालबुंद!" दारातली सूनही हसली, तेव्हा तिच्या हिरड्या दिसल्या; त्याही पांढऱ्या. परवा लेकीच्या हातावर गोळी ठेवली आणि ती पाणी प्यायली तरी मी समोरून हलले नाही. म्हटलं, "तोंड उघड. जीभ उचलून दाखव."