नुसतं ‘बरं’

वहिनीने तो शर्ट बादलीत बुडवला तेव्हा मी शेजारीच बसून हत्तीच्या पोटात कापूस कोंबत होते. निळ्या चौकटींचा शर्ट, कॉलर झिजलेली, खिशावर शाईचा डाग. पाण्यात फुगून तो वर आला, तसा वहिनीने मुठीने खाली दाबला.

"हळू गं," मी म्हणाले, "कुणाचा तरी नवरा आहे तो."

"म्हणून तर हाताने धुतेय."

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं नातं म्हणतात, आमचं तसलं काही नाही. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात सगळ्यांनी माझ्या नावाने खडे फोडले. वहिनी एवढंच म्हणाली, "हात चालतात ना तुझे? मग ये." तेव्हापासून वहिनीला कुणी बोललं की मी आधी अंगावर जाते, काय बोललं ते नंतर विचारते.

पूर्वी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं ती खोली तिने वर्षाच्या कराराने घेतली होती. भिंतीवरचे ग्रीसचे डाग काही केल्या जाईनात, तेव्हा एका डागाला तिने शेपूट काढलं आणि त्याचा उंदीर केला. लोक मुलांचे लहान झालेले कपडे आणून द्यायचे, वहिनी त्यांची खेळणी शिवायची. गणवेशाचा हत्ती, फ्रॉकचं बदक. दादा म्हणायचा, "चिंध्यांवर धंदा करणारी माझीच बायको." मग एक दिवस गुपचूप स्वतःची जुनी पँट ठेवून गेला. वहिनीने तिचा गेंडा केला. दादा म्हणाला, "हा असा का बघतोय?" मी म्हटलं, "तुझ्यासारखाच बघतोय, जेवायला काय आहे म्हणून."

सुरुवातीला एकीला ससा शिवून दिला होता. तिने तो घरी धुतला. कापड आटलं, एक कान आखडला, पाय वाकडे झाले. ससा दिला होता, खेकडा परत आला. वहिनीने दुसरा शिवून दिला आणि नियम केला, धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही. आटायचं ते आधीच आटू दे.

शर्ट आणणारी बाई वयाने आईएवढी. नवरा जाऊन थोडेच महिने झाले होते. "काहीही शिवा," म्हणाली, "मांडीवर मावेल असं." वहिनीने कुत्रा शिवला. तिने आजवर शिवलेल्यात सगळ्यात देखणा. खिसा तसाच ठेवून पोटावर घेतला, शाईच्या डागासकट. त्याच आठवड्यात वर राहणाऱ्या मालकीणबाईंनी विचारलं होतं, "पुढचं वर्ष ठेवताय की सोडताय?" वहिनी म्हणाली होती, "ठेवणार म्हणजे काय, दुसरी मशिन आणतेय." खिडकीखाली तिने खडूने चौकटसुद्धा आखली होती, मशिन कुठे बसेल त्याची.

बाई आली. कुत्रा हातात घेतला, तोंडाशी नेला आणि त्यात तोंड खुपसून उभीच राहिली. मग मान वर करून म्हणाली, "धुतला होतात का हो?"

"हो," वहिनी म्हणाली.

"बरं."

बस. डोळे पुसले, पैसे ठेवले, गेली.

वहिनी स्टुलावर बसली. "वास गेला गं. माणसाचा वास राहिला होता त्यात, तो मी साबणाने धुतला."

"बरं म्हणाली ना ती?"

"असं म्हणतात का बरं?"

आता बरं काय, कसंही म्हणता येतं. दादा ऐकत नसला की बरं म्हणतो. आई रुसली की बरं म्हणते. डॉक्टर रिपोर्ट बघून बरं म्हणतो तेव्हा आपण खुर्ची पुढे ओढतो. ते आमच्या वाट्याला आलेलं बरं कुठलं, ते मला कळेना. मी चपला घातल्या. "जाऊन विचारते."

"माझी शपथ आहे तुला तिच्या दारात गेलीस तर. झालं तेवढं पुरे झालं तिला."

शपथ घातली म्हटल्यावर संपलं. दुसऱ्या कुणाची असती तर मोडली असती.

त्यानंतर वहिनीचा हात बिचकला. गिऱ्हाईक आलं की विचारायची, "धुवू की राहू दे?" लोक म्हणायचे, "म्हणजे?" ती म्हणायची, "वास हवाय का?" माणसं बिचारी आपलीच पिशवी हुंगून बघायची. एकाने तर पिशवी परत नेली, म्हणाला, "घरून धुऊन आणतो." मी हसले, वहिनी हसली नाही. कात्री हातात धरून कापडाकडे बघत बसायची. मी म्हणायचे, "काप ना." ती म्हणायची, "आणि चुकलं तर? हे काय परत विणून मिळणार आहे?"

मालकीणबाईंनी परत विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सोडते." मी भांडले, दादा भांडला, तो गेंडा घेऊन समोर बसला. काही उपयोग झाला नाही. खोली रिकामी करताना मी फरशी पुसली, खडूची चौकट तेवढी ठेवली. उंदीर भिंतीवरच राहिला.

आता वहिनी तयार कपड्यांच्या दुकानात पँटी आखूड करते. एकच टीप, दिवसभर. कपडे नवे असतात, कुणाचेच नसतात. मी विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरला लागले.

तिथे परवा ती बाई आली. मी तिच्या दारात गेले नव्हते, शपथ पाळली होती, तीच माझ्या समोर आली. मला ओळखलंन. गॅस गळला की वाजतं ते यंत्र हवं होतं तिला.

"वासाने कळतंच की," मी म्हटलं.

"मला कुठला वास? मागे मोठा ताप आला होता, तेव्हापासून नाक गेलंय माझं. हे असतानाच." मग हसली. "शर्टाला ह्यांच्या सिगरेटचा वास मारतो, टाकून दे, म्हणून सून मागे लागली होती. मला तर काहीच येत नव्हता. तुम्ही आधीच धुतलात. आता सूनच त्या कुत्र्याला सोफ्यावर बसवते."