टँकरच्या रांगेतली घागर

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो. जिल्ह्याची घडी हळूहळू बसत होती, माझी काही बसेना. एका कामाला उठायचं आणि वाटेत तिसऱ्याच कामात अडकायचं, ही माझी जन्माची खोड. दुष्काळ पडला, नळ आटले, गल्लीत टँकर येऊ लागला आणि ही खोड चव्हाट्यावर आली.

बायको औशाच्या शाळेत शिकवायची. तिच्या माहेरी नोकरीला लागलेली ती पहिलीच बाई. ती सकाळच्या एसटीनं जायची आणि टँकर त्यानंतर यायचा, म्हणजे पाणी माझ्या गळ्यात. गल्लीत माणसाऐवजी घागर रांगेत उभी असायची. पुढची सरकली की आपली पायानं ढकलायची, एवढंच काम. मी घागर लावून जरा पेपर चाळायला पानटपरीवर जायचो. परत यावं तर टँकर गेलेला आणि आमची रिकामी घागर रस्त्यात एकटीच उभी.

"तुमच्यानं पाणी भरणं व्हईना, तर मीच सोडते नोकरी," ती एकदा म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती थकून म्हणाली, आणि मी घाबरलो.

मग सुधारणा सुरू झाल्या. घड्याळ पुढे करून ठेवलं. ते पुढे आहे हे मलाच ठाऊक असल्यामुळे तेवढा वेळ मी हक्कानं लोळायचो. भिंतीवर वेळापत्रक लावायचं ठरवलं, तर ते रंगीत शाईनं आखता आखता एक टँकर हुकला. दोन दिवस नीट जायचे, की ये रे माझ्या मागल्या.

शेवटी ठरवलं, घागरीवरची नजरच काढायची नाही. त्या सकाळी खरंच काढली नाही. कुणी हाक मारली तरी ओ दिली नाही. तसूतसूनं सरकवत नेली, काठोकाठ भरली आणि खांद्यावर घेऊन, शर्ट भिजवत, छाती काढून घरी आलो.

मागोमाग समोरच्या मावशी दारात. "लई उपकार झाले रे बाबा. कंबर धरली म्हणून घागर लावून घरी पडले होते. तू भरून आणलीस!"

घागरीच्या गळ्यावर मावशींचं नाव कोरलेलं होतं. गल्लीत सगळ्यांच्याच घागरी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, एकसारख्या. पण नाव वाचायला काय झालं होतं? मावशींकडे घागर पोचवून मी पळत सुटलो. टँकर कोपऱ्यावरून वळून गेला होता.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. ती उंबऱ्यावर बसली, पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. माझ्यापायी हिची नोकरी गेली, असंच वाटलं. पण ती हसत होती.

"न्हाई सोडत नोकरी," दम खात ती म्हणाली. "घरी बसले तर हे रोज डोळ्यानं बघावं लागंल."