रिव्हर्स जिथे होता तिथे

तुमचा हात तुमचं ऐकतो का? नेहमी?

माझ्या वडिलांना, आप्पांना, हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्यांनी तो हसण्यावारी नेला असता. मंद्रूपच्या बायकांना पहिल्या पाळीसाठी चिंचोळी एमआयडीसीत सोडायचं आणि पाळी सुटली की घरी आणायचं, हे काम ते आपल्या जुन्या जीपने मी शाळेत जायला लागण्याआधीपासून करत आलेत. त्याच जीपमधून कामगार संघटनेची पत्रकं कारखान्यांच्या गेटवर जायची. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवरच. आता ती मी लिहिते. आमच्या घरात अपघाताला नशीब म्हणायची रीत नाही. अपघाताला कारण असतं आणि त्या कारणाला कोणीतरी जबाबदार असतं, हे मला जेवणाच्या ताटावर शिकवलं गेलं.

मागच्या थंडीत जीपचा गिअरबॉक्स गेला. तीन गिअरचा जुना बॉक्स, आतले दाते झिजून गुळगुळीत झालेले. तसा बॉक्स आता बनत नाही, आणि भंगारात जे सापडले ते आमच्याहून थकलेले होते. होटगी रोडच्या मिस्त्रींनी तोड काढली. इंजिन आहे तेच ठेवायचं आणि त्याला दुसऱ्या कंपनीच्या पिकअपचा पाच गिअरचा बॉक्स जोडायचा. आप्पा लगेच तयार झाले. हायवेला जीप पळेल, बायका लवकर घरी पोचतील, असा त्यांचा हिशेब.

मला मात्र त्या दिवसापासून भीतीने धरलं. इंजिन एका कंपनीचं, बॉक्स दुसरीचा. बोल्टची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये एक जाड लोखंडी प्लेट घालायची. प्लेटच्या एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स. बॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनाच्या बरोबर मध्यावर बसायला हवं. ते केसभर जरी सरकलं तरी शाफ्ट थरथरणार, बेअरिंग खाणार, आणि एक दिवस भर रस्त्यात, मागे बायका बसलेल्या असताना, काहीतरी तुटणार. हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मी गॅरेजला खेटे घालू लागले. प्लेट कुठे कातली, किती जाडीची, बोल्ट कसले, सगळं विचारलं. शेवटी मिस्त्री वैतागले आणि हसलेही.

"ताई, लगीन आमी लावून देतो. संसार तुमच्या आप्पांनी करायचाय."

त्यांनी घड्याळासारखं मापाचं यंत्र लावून शाफ्ट फिरवून दाखवला. काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. मी मान डोलावली, पण निघताना प्लेटचे बोल्ट पुन्हा एकदा मोजले.

नवा बॉक्स लांबीला जास्त होता. त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करावा लागला, आणि गिअरचा दांडा वर यायला जीपच्या तळाला नवं भोक पाडावं लागलं. सगळ्यात शेवटी दांड्यावरची मूठ राहिली. पिकअपची मूठ दांड्यासोबतच आलेली होती, तिच्यावर पाच गिअरचं चित्र होतं. आप्पांना ती नको होती. त्यांना त्यांची जुनी काळी मूठ हवी होती, तळव्याने घासून आरशासारखी झालेली. मिस्त्री म्हणाले, नवीच राहू द्या. आप्पा म्हणाले, "हाताला वळख पायजे की." मिस्त्रींनी आटे पाडून जुनी मूठ नव्या दांड्यावर बसवली.

इथे मला थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या जीपमध्ये दांडा डावीकडे नेऊन पुढे ढकलला की रिव्हर्स पडायचा. डावीकडे नेऊन मागे ओढला की पहिला. नव्या बॉक्समध्ये डावीकडे पुढे पहिला होता आणि डावीकडे मागे दुसरा. रिव्हर्स गेला होता पार उजव्या टोकाला, मागे. म्हणजे आप्पांच्या हाताला जिथे इतकी वर्षं मागे जायची वाट होती, तिथे आता पुढे जायची वाट होती.

हे मला माहीत होतं, आप्पांना माहीत होतं, मिस्त्रींनी बजावलंही होतं. आप्पांना ते पाठ होतं. विचारलं की घडाघडा सांगायचे.

पहिल्या दिवशी जीप अशी गुळगुळीत चालली की बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातली सगळ्यात थोरली, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, ती आप्पांच्या शेजारी बसली होती. "इमानात बसल्यावानी वाटतंय की," ती म्हणाली. "पंख कुटं लावल्यात तेवढं दाव." मी मागे बसून तळातून येणारा आवाज ऐकत होते. प्लेटकडून काही खडखड येते का, वास येतो का. काहीच येत नव्हतं. माझा जीव त्या प्लेटपाशी अडकला होता.

सुरुवातीला आप्पा पहिल्यासाठी सवयीने डावीकडे मागे ओढायचे, दुसरा पडायचा, जीप हिसका देऊन बंद पडायची. बायका हसायच्या. मग एका सकाळी मला पुढच्या बंपरला पोचा दिसला. आईने सांगितलं, अंगणातून घाईत गाडी मागे घेताना पुढच्या पिंपावर गेली. आप्पा म्हणाले, सवय व्हायला वेळ लागतोय, पिंपच तर होतं. मी तेवढ्यावर गप्प बसले नाही. गाडी आठवडाभर रिकामी फिरवा, असं दोनदा म्हणाले. ते म्हणाले, "बाया गेटवर कशा जातील? तू उचलून नेणार हायस?"

त्यानंतरच्या सोमवारी चिंचोळीच्या गेटवर जीप भिंतीकडे तोंड करून उभी होती. बायका उतरल्या होत्या. मावशी बंपर आणि भिंत यांच्या मध्ये पाठमोरी उभी राहून पदर खोचत होती. मी थोडी बाजूला पत्रकं वाटत होते. मागून एक ट्रक आला आणि वाट मोकळी करा म्हणून त्याने हॉर्न सोडला तो थांबवेनाच. आप्पांनी हात बाहेर काढून जरा थांब म्हणून सांगितलं, मान पूर्ण मागे वळवली, कोणी मध्ये नाही ना ते नीट पाहिलं, आणि दांडा डावीकडे पुढे ढकलला.

जीप पुढे गेली.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. आप्पांनी ब्रेक मारला, इंजिन बंद पडलं. मावशी हातांवर पडली होती, तोंड भिंतीकडे, आणि बंपर तिच्या साडीला टेकला होता. साडीला. मी तिला उठवलं तेव्हा तिचे तळवे सोलून निघाले होते, बाकी काही नव्हतं. ती आप्पांकडे बघत राहिली.

"मागं जायाचं म्हणून पुढं आलास व्हय रं?"

गेट बंद व्हायला आलं होतं, म्हणून मावशी तळवे पदराला पुसत आत गेली. आप्पा जीपमध्ये तसेच बसून राहिले, हात मुठीवर. मी तो हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

परतीच्या वाटेवर मी शेजारी बसून प्रत्येक गिअर मोठ्याने सांगत होते, आणि आप्पा सांगेन तसा दांडा टाकत होते. घरी आल्यावर मी म्हणाले, उद्यापासून जीप बंद. कारखान्यात मशीन बदललं आणि कामगाराला शिकवलं नाही, तर आपण पत्रक काढतो. मग हे काय आहे?

"घरच्या माणसावर पत्रक काढती व्हय?" आप्पा म्हणाले.

"काढीन."

ते उठून बाहेर गेले. पण सकाळी त्यांनी जीपला हात लावला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. बायका एसटीने गेल्या. एसटी उशिरा आली, काहींचं गेट चुकलं, खाडे पडले. राग आप्पांवर नाही, माझ्यावर निघाला. मावशी, जिचे तळवे अजून वाळले नव्हते, ती दारात येऊन म्हणाली, "तुजं पत्रक आमाला गेटच्या आत नेत न्हाय, बाय." मी एवढंच म्हणाले, तुमी पुन्हा त्या गाडीपुढं उभ्या राहाल का? तिने आपल्या सोललेल्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, लवकर शिकव त्याला.

मंद्रूपबाहेरच्या माळावर आम्ही रोज जीप नेली. पिकअपची चित्र असलेली मूठ पुन्हा लावून घेतली. गाडीपुढे तेलाचे रिकामे डबे मांडले. शांतपणे आप्पा रिव्हर्स कधीच चुकले नाहीत, आणि हेच भयंकर होतं. शांतपणे ते आधीही चुकत नव्हते. म्हणून मी मागून ओरडू लागले, पत्रा बडवू लागले, "आवरा, आवरा" म्हणून घाई करू लागले. तसं केलं की डबे पडायचे. पहिल्यांदा पडले तेव्हा आप्पा खाली उतरले आणि चेपलेला डबा त्यांनी हाताने सरळ करून पुन्हा जागेवर मांडला.

डबे पडायचे थांबले तेव्हाच बायका परत बसल्या. अजूनही आप्पा गाडी मागे घेतात तेव्हा मी पुढच्या माणसांना हाताला धरून बाजूला करते. ती प्लेट मात्र एकदाही कुरकुरलेली नाही.

तुमच्या घरी किंवा गावात कोणी गाडीला दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स बसवला असेल, तर वाट बघू नका. त्या ड्रायव्हरला आजच मोकळ्या माळावर न्या. पुढे डबे मांडा, मागून गोंगाट करा, त्याला घाई करा, चिडवा. तो रागावेल, रागावू द्या. सगळे डबे उभे राहीपर्यंत त्या गाडीत एकही माणूस बसवू नका.